ओव्हीए शून्य टक्क्यांवर का अडते?

प्रश्न : आमची लॅब परभणीला आणि सर्व्हर छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य कार्यालयात आहेत : दोन ईएसएक्सआय होस्ट (ज्यांवर व्हर्च्युअल मशीन चालतात ते सर्व्हर) आणि ते सांभाळणारं एक व्हीसेंटर. मधली लाइन २० एमबीपीएसची. लॅबमधून व्हीसेंटरकडे ४४३ पोर्ट उघडून मिळालंय, त्याचं पानही व्यवस्थित उघडतं. पण ओव्हीएफ टूल या कमांडने १८ जीबीची ओव्हीए (अख्खं व्हर्च्युअल मशीन बांधलेली एकच फाइल) चढवायला घेतली की शून्य टक्क्यांवर अडते आणि थोड्या वेळाने एरर येते. फायरवॉल बंद करून बघू का? – लॅब सहायक, परभणी

उत्तर : अजिबात नको. तुमच्याकडे एकच नियम कमी पडतोय.

व्हीसेंटरचं पान उघडलं म्हणजे वाट मोकळी, हा समज इथे फसवतो. ओव्हीएफ टूल व्हीसेंटरकडून फक्त परवानगी घेतं. ओव्हीएतली डिस्क कुठल्या होस्टवर जाणार ते ठरतं, त्या होस्टचा पत्ता टूलच्या हाती येतो आणि मग सगळे १८ जीबी तुमच्या पीसीवरून थेट त्या होस्टकडे निघतात, तेही ४४३ वरूनच. तुमच्या फायरवॉलच्या नियमात होस्ट आहेतच कुठे? म्हणून ज्या पीसीवरून टूल चालवता, फक्त त्याच्या आयपीवरून दोन्ही होस्टच्या मॅनेजमेंट आयपीकडे टीसीपी ४४३ उघडून घ्या. एकालाच उघडलं तर काम आज जमेल, उद्या अडेल, आणि असला दोष शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

दुसरी मेख डीएनएसची, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सेवेची. होस्ट व्हीसेंटरमध्ये नावाने जोडलेला असेल तर टूलला नावच मिळतं. ते परभणीच्या पीसीला सापडलं पाहिजे. डीएनएस सर्व्हरकडे ५३ पोर्ट, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, उघडं नसेल तर पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये दोन्ही होस्टची नावं आणि आयपी लिहून टाका.

तपासताना पिंगवर विसंबू नका, त्याचा पोर्टशी संबंध नाही. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनला होस्टचं नाव आणि ४४३ द्या आणि घड्याळाकडे बघा. दोनेक सेकंदांत नकार आला तर बहुधा होस्टपर्यंत पोहोचलात, पण तिथली सेवा बंद आहे. वीस-एकवीस सेकंद नुसतं ताटकळत ठेवलं तर वाटेतला फायरवॉल पॅकेट गिळतोय. नेटवर्कवाल्यांना हे सेकंदांसकट सांगा, काम लवकर होतं.

९०२ पोर्ट लॅबमधून मागू नका, या कामाला ते लागत नाही. ते व्हीसेंटर आणि होस्ट यांच्यातलं आहे : व्हर्च्युअल मशीन क्लोन करताना, म्हणजे त्याची नक्कल काढताना, डिस्क टीसीपी ९०२ वरून जाते, आणि दर १० सेकंदांनी होस्ट यूडीपी ९०२ वर व्हीसेंटरला हजेरी देतो. ६० सेकंद हजेरी आली नाही की होस्ट 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसतो.

नियम बसला तरी २० एमबीपीएसवर १८ जीबीला दोन तास लागतील, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. मध्ये लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमचं मत, ओव्हीए एकदा डिस्कवर घालून संभाजीनगरला पाठवा आणि तिथल्याच पीसीवरून चढवा.

आणि हे पोर्ट इंटरनेटकडून कधीही उघडू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या रॅन्समवेअरने असे उघड्यावर पडलेले हजारो होस्ट लॉक केले होते.

प्रश्न : सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) आहे. पीएक्सईसाठी (पीसी नेटवर्कवरून सुरू करण्यासाठी) ६९ पोर्ट उघडलं, पीसीला आयपी मिळतो, पण सुरुवातीच्या फाइल आणणारं टीएफटीपी टाइमआउट होतं. – एक वाचक, लातूर

उत्तर : पीसी विनंती यूडीपी ६९ वर करतो, सर्व्हर उत्तर मात्र भलत्याच नव्या पोर्टवरून देतो. मधल्या फायरवॉलला ते आगंतुक वाटतं आणि तो ते टाकून देतो. फायरवॉलवर टीएफटीपी हेल्पर, म्हणजे असं उत्तर ओळखून आत सोडणारी सोय, चालू करा. ती सोय नसेल आणि टीएफटीपी सर्व्हर म्हणून डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम वापरत असाल, तर त्यात टीएफटीपीला ठरावीक पोर्टची रेंज बांधून द्या आणि सर्व्हरकडून लॅबकडे, सर्व्हरच्या बाजूचे (सोर्स) पोर्ट म्हणून, तेवढीच रेंज उघडा.