नवा कॅमेरा, तोच एरर पुन्हा पुन्हा

सेटिंग्ज रीसेट करत बसू नका, आधी दुसरं मेमरी कार्ड घालून बघा. असल्या एररमागे बऱ्याचदा कार्डच असतं, त्यातही जुन्या फोनमधून काढून अडॅप्टरमध्ये कोंबलेलं मायक्रो एसडी. फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा; कॉम्प्युटरवर केलेलं फॉरमॅट कॅमेऱ्याला मानवेलच असं नाही. 'कार्ड लॉक्ड' आलं तर बहुधा कार्डाच्या कडेची बारकी कळ सरकलेली असते, बाकी काही नाही. लेन्सचा एरर असेल आणि लेन्स निघणारी असेल, तर कॅमेरा बंद करून ती काढा, मागचे सोनेरी ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसा. तरीही एररचा तोच आकडा दिसला तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा आणि वॉरंटी आहे तोवर दुकानदाराच्या मागे लागा.