लदीन आणि लॅटिन

प्रश्न : गोव्यात मे महिन्यात खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, होणाऱ्या 'लदीन' या ख्रिस्ती प्रार्थनेचं नाव लॅटिनवरून पडलं का? आणि लदीन म्हणतात की गातात?

लॅटिनवरून नाही! प्रार्थना लॅटिनमध्ये होती म्हणून नाव लॅटिनचा अपभ्रंश, हे कुणी ना कुणी ठोकून देतंच. या हिशेबाने रामरक्षेचं नाव 'संस्कृत' पडायला हवं होतं.

लदीन म्हणजे पोर्तुगीज 'लादाइन्या'. तिच्यामागे लॅटिन 'लितानिया' आणि त्याच्याही मागे ग्रीक 'लिते', म्हणजे काकुळतीची विनवणी. खरी गंमत इथे आहे. होमरच्या इलियडमध्ये या विनवण्या चक्क बायका होऊन येतात. झ्यूसच्या मुली, पण लंगड्या, सुरकुतलेल्या, तिरळ्या! माणसाची मती फिरवणारी 'आते' दणकट पायांची. ती पुढे धावत जाऊन नासधूस करते आणि या बिचाऱ्या मागून लंगडत येऊन निस्तरतात. खुरसापुढे गुडघे टेकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हा शब्द आहे, याचा मला फार आनंद होतो.

लॅटिनवाले म्हणतील, पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधल्या 'त'चा 'द' होतो, मग 'लातिनुस'चं (म्हणजे 'लॅटिन'चं) लादीन का होणार नाही? झालं की! तो शब्द 'लादिनो', आणि आजच्या पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ चलाख, बेरकी. (हा तर्क लढवणाऱ्यांना तो लागू पडत नाही.) शिवाय पोप पाचव्या सिक्स्टसने १५८७मध्ये मान्यता दिलेली लोरेतोची लितानिया, म्हणजे मारियेची हीच प्रार्थना, जिला ही मंडळी शुद्ध लॅटिन समजतात, तिची सुरुवातच 'किरिए एलेइसोन' या ग्रीक शब्दांनी होते.

माझ्या मते शब्द तगला तो गाण्याच्या घडणीमुळे. एकाने येशूच्या आईचं, मारियेचं एकेक नाव घ्यायचं, 'रोझा मिस्तिका' (गूढ गुलाब), 'स्तेला मातुतिना' (पहाटेचा तारा), आणि जमावाने दर वेळी 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी विनव) म्हणून उचलून धरायचं. कीर्तनात धृपद धरणाऱ्यांना हे शिकवावं लागणार नाही. तिकडे ब्राझीलमध्ये कापुएरा या नाचासारख्या लढाऊ खेळाच्या रिंगणात खेळाआधी एकजण एकट्याने जे गातो, त्यालाही 'लादाइन्या'च म्हणतात. मग जमाव उत्तर देऊ लागतो. लॅटिनचा तिथे मागमूस नाही. आता बोला!

हां, म्हणतात की गातात? व्हायोलिन असतं, दोन-तीन आवाजांचा मेळ असतो, मग उकडलेले चणे वाटतात. गातातच. 'ख्रिस्ती आरती' असं लिहिणाऱ्यांशी मात्र वेगळं भांडावं लागेल.