आधी तारीख बघ

चि. मुली, अ.उ.आ.

'द फॉग ऑफ वॉर' हा मॅक्नामारावरचा माहितीपट पाहून तुमच्यात जुंपली म्हणतेस. व्हिएतनाम युद्धातला अमेरिकेचा संरक्षणमंत्री तो. अर्धे म्हणाले मॅक्नामारा युद्धगुन्हेगार, अर्धे म्हणाले एवढं प्रांजळ कोण बोलतं. तुला त्याची कणव आली, मग कणव आल्याची लाज वाटली. अगं, येऊ दे कणव. पंच्याऐंशीचा म्हातारा केनेडींच्या दफनाची जागा निवडल्याचं सांगताना गहिवरतो, तिथे ज्याला काहीच होत नाही तो माणूस मला शेजारी नको. पण निवाडा करायचाय ना? मग त्याचे डोळे बघू नकोस, तारीख बघ.

१ नोव्हेंबर १९६७. बॉम्बफेक थांबवा, सैन्य वाढवू नका, असं त्याने राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना लिहून दिलं. गुपचूप. फेब्रुवारी १९६८ मध्ये संरक्षणमंत्रिपद सुटलं, जागतिक बँकेची खुर्ची मिळाली आणि व्हिएतनामबद्दल तोंड मिटलं. आमचं चुकलं, हे जाहीर लिहिलं कधी? १९९५ मध्ये. तिथे ५८ हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक मेले, त्यातले निम्म्याहून अधिक तो मंत्रालयातून बाहेर पडल्यावर. व्हिएतनामी माणसं तर लाखांत मोजायची.

'युद्धात सगळं धूसर असतं' हे तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं टोंकिनच्या आखातापुरतं मान्य. ज्यावरून अमेरिका युद्धात खोल शिरली, तो तिच्या जहाजांवरचा ४ ऑगस्ट १९६४ चा हल्ला झालाच नव्हता, पण त्या दिवशी संदेशच उलटसुलट येत होते. १९६७ मध्ये काय धूसर होतं? कळलं होतं म्हणून तर लिहिलं!

टोकियोबद्दल मी त्याला सूट देतो. मार्च १९४५ च्या त्या एका रात्रीत अमेरिकी बॉम्बफेकीत सुमारे एक लाख माणसं मेली, तेव्हा तो हवाई दलाच्या जनरल लेमेच्या हाताखाली आकडेमोड करणारा तरुण अधिकारी होता. हुकूम त्याचा नव्हता. मंत्री झाला आणि सूट संपली.

आणि त्याच माहितीपटातला टॉमी थॉम्प्सन तुमच्यापैकी एकालाही आठवू नये? राग येतो मला. ऑक्टोबर १९६२, क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं. वाटाघाटींनी ती हलणार नाहीत, असं केनेडींचं मत. मॉस्कोत राजदूत राहिलेला, ख्रुश्चेव्हला घरोब्याने ओळखणारा हा माणूस राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगतो की मला तसं वाटत नाही. तेव्हा सांगतो, त्याच बैठकीत. तारीख बघ म्हणतो ते यासाठी.

'काका, बोलणं सोपं आहे' असं म्हणू नकोस. एका पाझर तलावाच्या भरावाची दबाई नीट झाली नव्हती. मी एम.बी.वर, म्हणजे कामाच्या मोजमापवहीवर, सही केली नाही, कारण लेखी दिलं. 'मागाहून बघू,' वरिष्ठ म्हणाले. पावसाळ्याआधी माझी बदली झाली. काकूची शाळेतली नोकरी सुटली, थोरलीचं दहावीचं वर्ष अर्ध्यात मोडलं. ती अजून बोलून दाखवते आणि माझ्या पोटात तुटतं. लोक विचारतात, तलाव फुटला का? नाही फुटला. कोणी नंतर दबाई करून घेतली की दैव, मला ठाऊक नाही. पण म्हणून माझा हेका खोटा ठरत नाही. त्या दिवशी दिसलं ते त्या दिवशी लिहिलं. काकूला हे अजून पटलेलं नाही, तो भाग वेगळा.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. ती तू घाईत, जाता जाता लिहावी तशी लिहिलीस, पण खरं पत्र तेवढंच आहे. प्रकल्पातले अडचणीचे आकडे गाळ असं गाइड म्हणाले, आणि तू 'सबमिशन झाल्यावर बोलेन' म्हणतेस. झाल्यावर? माहितीपटाच्या शेवटी त्याला विचारतात, पद सोडल्यावर का बोलला नाहीस, आणि तो उत्तर द्यायचं टाळतो. तेवढा तुकडा पुन्हा लावून बघ.

सबमिशन सोमवारी ना? मग गाइडना उद्याच मेल कर. कोणते आकडे, का ठेवायचे, एवढंच लिही. आवाज चढवू नकोस, त्यांचा मान ठेव. मसुदा मला आधी दाखवत बसू नकोस, त्यात दोन दिवस जातील.

काकूचे आशीर्वाद.

काका