बेससाठी यंत्र घेऊ की लॅपटॉपच पुरे?

प्रश्न : भाऊ, मी पारोळ्याचा. लग्नाची, कानबाईची अहिराणी गाणी घरीच करतो. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, कानाला मोबाइलसोबत आलेला इअरफोन. हळदीत डीजेवर माझं गाणं लागलं की बेस नुसता गुरगुरतो, आणि मोबाइलवर तर ऐकूच येत नाही. मित्र म्हणतो, सॉफ्टवेअरला दणका नसतो, खरा सिंथेसायझर, म्हणजे आवाज तयार करणारं यंत्र, घे. २५ हजार जमवलेत. घेऊ का?

उत्तर : आत्ता नको. तुमची दोन्ही दुखणी यंत्राने जाणारी नाहीत.

गाणं काळी एकच्या पट्टीत असेल आणि बेसचा सा तुम्ही पार तळाला धरला, तर तो ३५ हर्ट्झच्या (सेकंदाला ३५ कंपनांच्या) आसपास पडतो. लग्नातले बरेचसे डबे (स्पीकर) तिथे वाजत नाहीत, नुसते थरथरतात. मोबाइलचा स्पीकर तर त्याच्या जवळपासही जात नाही. तोच सा एक सप्तक वर घ्या, ६९ हर्ट्झवर. त्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाज जरा फाटवणारा इफेक्ट) टाका, म्हणजे १३९, २०८ असे वरचे स्वरही उमटतात. मोबाइलवर मूळ स्वर वाजला नाही तरी या वरच्यांवरून कान तो ओळखतो. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) पडते तिथे बेस क्षणभर दाबा आणि १०० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला सारखंच, ठेवा.

यासाठी सर्ज एक्सटी किंवा व्हायटल हे लॅपटॉपवरचं सिंथेसायझर सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सर्ज तर फुकटच आहे, व्हायटलचीही फुकट आवृत्ती मिळते. एक साइन (गुळगुळीत लहर), एक सॉटूथ (करकरीत लहर) आणि वरचे स्वर कापणारा लो-पास फिल्टर, एवढ्यावर सुरुवात करा.

आता मित्राचं म्हणणं. कॉर्गचा व्होल्का बेस किंवा बेहरिंगरचा टीडी-३ हा बेसचा छोटा सिंथेसायझर तुमच्या पैशांत बसेल. टीडी-३ ज्याची नक्कल आहे तो रोलंडचा टीबी-३०३ बेस गिटारवाल्याच्या जागी वाजावा म्हणून १९८१ साली आला, खपला नाही, १९८४ ला बंद झाला. पुढे शिकागोच्या पोरांनी त्यावर अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा केला. पण त्यांच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी त्याच्या साथीने राग रेकॉर्ड केले होते. तेव्हा हा आवाज अहिराणीला शोभेल का, ही शंका मनात आणूच नका. अडचण वेगळीच आहे. टीडी-३ एका वेळी एकच स्वर काढतो, व्होल्का फार तर तीन, आणि नॉब फिरवून बसवलेला आवाज ही यंत्रं लक्षात ठेवत नाहीत. आपल्याकडे गायक महिनाभराने येऊन म्हणतो, ‘अर्धा सूर खाली घ्या ना भाऊ.’ लॅपटॉपवर ते चहा येईपर्यंत होतं. व्होल्कासाठी मी नॉबचे फोटो काढून ठेवतो, तरी आवाज तंतोतंत जुळेलच असं नाही. शिवाय माझी धुळ्यातली खोली पत्र्याची. मे महिन्यात जुन्या अ‍ॅनालॉग यंत्राचा सूर दुपारी एक, रात्री दुसरा!

हाताने फिल्टर उघडण्यात मजा आहे, ती मी नाकारत नाही. पण नॉब असलेला छोटा मिडी कीबोर्ड (लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर वाजवणारा) घेतला तर त्यातली बरीचशी मजा सर्जवरही येते. पैसे आधी कान पूर्ण झाकणाऱ्या, मागून बंद अशा चांगल्या हेडफोनवर आणि दोन इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसवर (माइक, वाद्य लॅपटॉपला जोडणाऱ्या उपकरणावर) घाला. इअरफोनवर बेस मापणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. उद्या स्टेजवर लाइव्ह वाजवायला लागलात, तर व्होल्का खुशाल घ्या. सहा पेन्सिल सेलवर चालतो, वीज गेली तरी अडत नाही.

तोवर गावातल्या डीजेवाल्याशी दोस्ती करा. तो दुपारी डबे लावून तपासत असतो, तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि गाण्याच्या दोन्ही आवृत्त्या, खालच्या सा ची आणि वरच्या सा ची, लागोपाठ वाजवून घ्या.