चौतीस जणांची पुरणपोळी आणि तिसरा राजीनामा

पत्र: मावशी, नमस्कार. मी कर्वेनगरला राहते, वय ४६, एका खाजगी कंपनीत १७ वर्षं अकाउंट्सला आहे. चार वर्षांपूर्वी हौस म्हणून मोडी शिकले, मग परीक्षा दिली, आता लोक जुन्या जमिनीचे कागद वाचून घ्यायला येतात आणि एका वकिलांनी नियमित काम देतो म्हणून सांगितलंय. याआधी दोनदा राजीनामा दिला आणि दोनदा मागे घेतला. साहेब म्हणाले तुमच्याशिवाय ऑडिट कसं होणार, की मी विरघळले. आता तिसऱ्यांदा दिलाय, पुढच्या महिन्यात शेवटचा दिवस. त्या दिवशी सगळ्यांना, म्हणजे ३४ जणांना, सासूबाईंच्या पद्धतीची पुरणपोळी करून न्यायचीय. नवरा म्हणतो बाहेरून आण, ऑफिसातली पोरं म्हणतात केक कापू, पुरणपोळी काय काकूबाईसारखं. पण मी सगळ्यांना अडचणीत टाकून चाललेय तर निदान गोड तरी खाऊ घालावं असं वाटतं. घरात माझे महिन्याचे ३०,००० लागतात, तीही धाकधूक आहे. रात्री झोप येत नाही. पोळ्या न्याव्यात का? आणि मी चुकतेय का?

अगं, तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याला अडकले, ते "निदान गोड तरी खाऊ घालावं" ला. हे निदान कुठून आलं? १७ वर्षं काम केलंस, त्याचा पगार घेतलास, नोटीस पिरियड पूर्ण देतेयस, मग कुणाचं काय देणं लागतेस तू? निरोप द्यायला खाऊ नेणं वेगळं आणि दंड भरल्यासारखं नेणं वेगळं. तुझ्या पुरणपोळीला मला दंडाचा वास येतोय.

आता हिशोब कर, तुझाच प्रांत आहे. ३४ जण, माणशी दोन म्हटल्या तरी ६८ पोळ्या. किलोभर डाळीच्या फार तर पंचवीस-तीस होतात, म्हणजे अडीच किलो डाळ, तितकाच गूळ, पुरणयंत्र फिरवून खांदा भरून येणार, आदल्या रात्री अकरा वाजता तू पुरण आटवत उभी आणि पहाटे चारला तव्यापाशी. मग डोळे लाल, केसांना तुपाचा वास, अशी ऑफिसात जाणार, सगळे म्हणणार अहो कशाला एवढं केलंत, तू रडणार, साहेब केबिनमधून बाहेर येणार आणि म्हणणार बघा, अजूनही विचार करा. आणि मला खरंच भीती वाटते की तू करशील. तिसऱ्यांदा.

वाईट वाटलं ना वाचून? मलाही लिहिताना वाटलं. पण दमलेलं माणूस लवकर हो म्हणतं, हे मी स्वतःवरून सांगते.

आम्ही १९९६ साली नारायण पेठेतला वाडा सोडला. अकरा बिऱ्हाडं होती, मी लग्न होऊन तिथेच आलेली, कोथरूडचा फ्लॅट तयार होऊन सहा महिने झाले तरी माझा पाय निघेना. रोज नवं कारण. पोराची परीक्षा, मग पाऊस, मग समोरच्या आजींना बरं नाही. शेवटी सासूबाईंनीच दिवस ठरवला आणि सकाळी उठून बघते तर ओट्यावर भिजलेल्या हरभरा डाळीची परात. वाटली डाळ! चैत्र नाही, भाद्रपद नाही, काही नाही. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, अहो आज काय विसर्जन आहे का? सासूबाई म्हणाल्या, आहेच. आणि पाट्यावर डाळ ओढायला लागल्या.

मला हे तेव्हा विचित्रच वाटलं होतं. नंतर कळलं की त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे गौरी जेवतात त्या दिवशी पुरण, म्हणजे कुणी आलंय, बसलंय, आग्रह चाललाय, अजून एक घ्या. आणि गणपती निघतो तेव्हा वाटली डाळ, त्याच्या हातावर दही, बरोबर शिदोरी. पुरण माणसाला बसवून घेतं बघ, खाल्लं की उठवत नाही. वाटली डाळ उभ्याने, द्रोणात, बोलता बोलता संपते.

म्हणून माझं म्हणणं असं की पुरणपोळी नको, वाटली डाळ ने. दीड किलो डाळ पुरे. रात्री झोपायच्या आधी भिजत घाल, सकाळी निथळून मिरच्या आणि आलं घालून जाडसर वाट, पाणी अजिबात नको. मोठ्या पातेल्यात फोडणी मोहरी-हिंग-हळद-कढीपत्त्याची, तेल घालताना हात आखडू नकोस नाहीतर कोरडी होते आणि खाताना तोठरा बसतो. मग मंद गॅसवर झाकण ठेवून वाफा काढायच्या, मधेमधे खालून-वर परतायचं, डाळ मोकळी झाली की मीठ, किंचित साखर, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. तेलाचं नको वाटत असेल तर आधी वाटलेली डाळ कुकरमध्ये वाफवून घे आणि मग फोडणीत मोकळी कर, थोडं चवीत कमी पडतं पण चालतं. बरोबर दही, ते विकतचं आण, त्यात काही कमीपणा नाही. मंडईजवळ द्रोण मिळतात. पोरांना केक कापायचा असेल तर कापू देत, गोडाचं ते बघतील. त्यांच्या केकचा राग कशाला, तेही त्यांच्या परीने निरोपच देतायत.

आणि नवऱ्याला म्हणावं सकाळी डाळ परतायला ये. बाहेरून आण म्हणणारा माणूस गॅसपाशी वीस मिनिटं उभा राहिला तर त्यालाही कळेल की बायको नोकरी सोडतेय.

आता तुझ्या धाकधुकीचं. तू इतक्या जणांची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, काढून दिली असशील, स्वतःची काढलीस का? पत्रात एका आकड्यापलीकडे काही नाही म्हणून विचारते. सूत्र तुला पाठ आहे, शेवटचा महिन्याचा बेसिक आणि डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. समज दोन्ही मिळून २८,००० असेल तर १७ वर्षांचे २,७४,६१५ होतात. महिन्याला ३०,००० धरले तर नऊ महिने निघतात, वकिलांचा एक रुपया न धरता. पीएफ मात्र मोडू नकोस, हात लावायचा मोह होतो, पण ते म्हातारपणाचे पैसे आहेत. दहा वर्षांच्या वर नोकरी झालीय म्हणजे अठ्ठावन्नला पेन्शनचा हक्कही आहे, तोही हिशोबात धर. एका कागदावर हे सगळं लिही आणि नवऱ्यासमोर ठेव. रात्री दोनला छताकडे बघून जो आकडा दिसतो ना तो नेहमी खोटा असतो, कागदावरचा बरा असतो. वकिलांकडूनही महिन्याला किती कागद, पानाला किती पैसे, हे लिहून घे, तोंडी नियमित म्हणजे काहीच नाही.

राहता राहिलं चुकतेय का ते. गंमत सांगू? तू अकाउंट्स सोडून अकाउंट्सकडेच चाललीयस. मोडीतले कागद म्हणजे सगळी बखर आणि लढाया असं लोकांना वाटतं, पण निम्मं तर जमाखर्चच असतो, सारा, वसुली, कुणाला किती मण धान्य दिलं. आपल्या इथे पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या पेशवे दफ्तरात, जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, रुमालांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, भरलेत असल्या हिशोबांनी. मोडीत आधी ओळ ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं लिहीत सुटतात, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. त्यात आकड्याची ज्याला नजर आहे त्याला अडलेला शब्दही सापडतो, कारण बेरीज जुळली पाहिजे हे त्याला माहीत असतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं पुरेनात, आठवतंय ना. तेव्हा हौस म्हणून शिकले असं यापुढे कुणाला सांगू नकोस. परीक्षा पास झालीस, लोक पैसे देऊन कागद आणतात, ती हौस कसली.

भीती जाणार नाही, तीही खरी आहे. वाडा सोडल्यावर मला दोन महिने कोथरूडात झोप नव्हती, रात्री नळाचा आवाज येत नाही म्हणून. मग आली.

साहेबांचं तेवढं बघ. ते शेवटच्या दिवशी परत म्हणणार, ऑडिटचं काय. त्याचं उत्तर आत्ताच तयार करून ठेव, तोंडी नको, एक फाइल कर, कुठला फोल्डर कुठे, कुठली तारीख कधी, कुणाला फोन करायचा. ती त्या पोरांपैकी एकाच्या हातात सगळ्यांदेखत दे. मग साहेबांनी केबिनमधून हाक मारली तरी तुझ्याकडे द्यायला द्रोणाशिवाय काही उरलेलं नसेल. आणि निघताना आपल्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, मीही आयुष्यभर तेच म्हणत आले, पण तू तिथे दोनदा खरंच परत आलीयस, तेव्हा या एका वेळेला सरळ जाते म्हण.

डाळ त्याच दिवशी संपव हं, ओल्या खोबऱ्याची आहे, दुसऱ्या दिवशी वास येतो. उरली तर वॉचमनकाकांना आणि खालच्या चहावाल्याला दे, १७ वर्षं त्याचाही चहा प्यायलीयस. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळ, आधी पिळलंस तर कडवट लागतं.