नासी कुनिंग कुकरमध्ये का बिघडतो?

प्रश्न : ताई, माझा मुलगा नोकरीसाठी इंडोनेशियात, सुराबायाला असतो. आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा तो सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवरून केळीच्या पानात बांधलेला पिवळा भात आणायचा. नासी कुनिंग. घरी आल्यावर मी बासमती, नारळाचं दूध, हळद आणि गवती चहाच्या पाती घालून कुकरला लावला. भात खाली लागला, वर तेल सुटलं आणि हळदीचा कच्चट वास राहिला. काय चुकलं? आणि तिथली पानं इथे मिळत नाहीत, त्यांचं काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पहिल्यांदा कुकर बाजूला ठेवा. नारळाचं दूध दाट, ते तळाशी बसून करपतं. जोराच्या आचेवर फुटतं आणि तेल सोडतं. शिवाय सगळं एकदम आत कोंडल्यामुळे हळदीला तांदळाच्या आधी उकळायला वेळच मिळत नाही. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ या एका भांड्यात आहे.

जावामध्ये हा भात दोनदा शिजतो. आधी तांदूळ मसाल्याच्या दुधात अर्धा शिजवतात, दूध पूर्ण आटवतात आणि मग वाफवतात. माझा संसार बरीच वर्षं सुराबायातच होता. आमच्या शेजारच्या इबू (मोठ्या बाईला तिथे अशी हाक मारतात) दांदांग नावाच्या उंच भांड्यात बांबूची निमुळती टोपली बसवून भात वाफवायच्या. तुमच्याकडे मोदकपात्र असेलच. तेच काढा.

तांदूळ बासमती नको. हा भात सुटासुटा, फडफडीत नसतो. हातात घेतला की धरून राहायला हवा. मी दोन वाट्या कोलम आणि एक वाटी इंद्रायणी घेते. धुऊन अर्धा तास भिजवा आणि निथळून ठेवा. तीन वाट्या तांदळाला तीन वाट्या नारळाचं दूध पुरतं, कारण उरलेलं शिजणं वाफेवर होतं. त्यात पहिलं दाट दूध एकच वाटी, बाकी दुसरं पातळ. चिपळूणला नारळ खवून दूध काढणं तुम्हाला मी काय सांगणार, पण डब्यातलं दूध वापरणार असाल तर त्यात निम्मं पाणी घाला.

ओली हळद मिळत असेल तर बोटभर तुकडा किसून, चमचाभर पाण्यात कुस्करून, गाळून रस घ्या. एरवी अर्धा चमचा पूड. पातळ दुधात हळद, मीठ, ठेचलेला गवती चहा आणि पानं घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत उकळा. कच्चा वास इथेच जातो, ही पायरी घाईत उरकू नका. मग तांदूळ आणि दाट दूध घाला, चमचाभर लिंबाचा रस पिळा (पिवळा रंग त्याने उजळतो) आणि दूध आटेपर्यंत हलक्या हाताने हलवत राहा. दाणा मधून कच्चा असतानाच उतरवा. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग मोदकपात्रात कापडावर पसरून पंचवीस मिनिटं वाफवा. तूप नको, फोडणी नको.

आता पानं. गवती चहाच्या पाती आपण चहात टाकतो, पण या भाताला त्याचा बुंधा लागतो. परसातल्या बेटातून दोन-तीन काड्या मुळापासून उपटा, बाहेरची साल काढा आणि खालचा पांढरा भाग बत्त्याने चेचा. पांदानचं पान तर तुमच्या आसपास कुणाच्या तरी अंगणात असणार. आंबेमोहोराचं पान म्हणून कोकणात भाताच्या पातेल्यात टाकतात तेच. जेरूक पुरुत म्हणजे तिथल्या एका लिंबाच्या जातीचं पान, त्याच्या जागी आपल्या लिंबाची दोन कोवळी पानं चालतात. लेंगकुआस म्हणजे कुलिंजन. काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेलं मिळतं, त्याचा छोटा तुकडा पुरतो. राहिलं सलामचं पान. ते जांभळाच्या जातकुळीतल्या झाडाचं. त्याऐवजी तमालपत्र घाला असं बरेच जण सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. तमालपत्राने भात पुलावाच्या वाटेला जातो. सलाम नसेल तर काहीच घालू नका.

मुलगा सुट्टीला आला की टुंपेंग करा. गरम भात केळीच्या पानाच्या शंकूत दाबून भरायचा, सुपावर उपडा करायचा आणि भोवती भाज्या, तळण, अंडं मांडायचं. वाढदिवस असो की नव्या घराचा प्रवेश, जावात टुंपेंग असतोच; 2014 मध्ये तिथल्या पर्यटन मंत्रालयाने राष्ट्रीय पदार्थ म्हणून तोच पुढे आणला. शेंडा कापून पहिला मान वडीलधाऱ्यांना देतात. बासमतीचा शंकू मात्र उभा राहणार नाही.

प्रश्न : आम्ही अंडंही खात नाही. नासी कुनिंगबरोबर शाकाहारी काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भरपूर काही. सगळ्यात आधी केरिंग टेंपे. टेंपे म्हणजे बुरशीने बांधलेल्या सोयाबीनची वडी, आता पुण्यात मिळते. काडीपेटीच्या काड्यांएवढे तुकडे करून कुरकुरीत तळा. कढईत लसूण, लाल मिरची, गूळ आणि चिंचेचा कोळ तार येईपर्यंत शिजवा, आच बंद करा आणि मगच टेंपे घाला. आचेवर घातलात तर मऊ पडतो. सोबत सेरुंडेंग, म्हणजे धणे, लसूण, चिंच, गूळ लावून मंद आचेवर तांबूस, कोरडा परतलेला ओला नारळ. काकडीच्या चकत्या, आणि वरून छोट्या सांबार कांद्यांचे तळलेले काप. एवढ्यावर ताट भरतं.

टेंपेवर करडे-काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, ते त्याच बुरशीचे असतात. गुलाबी डाग किंवा अमोनियासारखा उग्र वास असेल तर टाकून द्या. घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवा.