विम बंद होताना अडकतो? आधी विमइन्फोची सेटिंग बघा

तुमचा प्रश्न असा, की लोअर परळच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर विम (टेक्स्ट एडिटर) उघडतो बऱ्यापैकी लवकर, पण बाहेर पडताना आठ-दहा सेकंद ताटकळत ठेवतो. घरच्या लॅपटॉपवर तीच विमआरसी (विमच्या सेटिंगची फाइल) असूनही काही त्रास नाही. म्हणजे तुमच्या विमआरसीवरचा संशय बराचसा मिटला. सर्व्हरवर कुणीतरी सगळ्यांसाठी काहीतरी सेट करून ठेवलंय, असं मला वाटतं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप रोमनमध्येच करा.)

अशा वेळी विम सुरू करताना 'हायफन यू नन' देऊन बघायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने फारसं हाती लागत नाही, कारण त्यात प्लगिनही जातात आणि विमइन्फोही (बंद होताना इतिहास, खुणा वगैरे जपून ठेवायची विमची सोय) बंद होतं. त्याऐवजी 'हायफन आय नन' द्या, नन कॅपिटलमध्ये. यात फक्त विमइन्फो वगळलं जातं. आता विम झटकन बंद झाला, तर चोर सापडला.

बाहेर पडताना विम फाइलींमधल्या खुणा, कमांडचा इतिहास आणि रजिस्टरमधला (कॉपी किंवा डिलीट केलेला) मजकूर होम डिरेक्टरीतल्या डॉट-विमइन्फो फाइलीत उतरवतो. तेही नुसतं शेवटी जोडत नाही. जुनी फाइल वाचतो, नवं त्यात मिसळतो, तात्पुरती फाइल लिहितो आणि ती जुनीच्या जागी ठेवतो. उघडताना फक्त वाचायचं असतं, म्हणून तिथे एवढं जाणवत नाही. होम डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर) असेल तर हे सगळं लिहिणं नेटवर्कवरून होतं, मग बघायलाच नको.

आता विममध्ये कोलन देऊन 'व्हर्बोज सेट विमइन्फो?' मारा. किंमत दिसेल आणि खाली ती शेवटची कुठल्या फाइलीत सेट झाली तेही. मी सीप्झमध्ये सर्व्हर सांभाळतो. आमच्याकडे ईटीसी डिरेक्टरीतल्या विमआरसी-डॉट-लोकलमध्ये (सगळ्यांना लागू होणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत) कुणा हौशी माणसाने '१०० चं '१०००० केलं होतं आणि < व एस हे दोन्ही भाग उडवले होते. खरी मेख तिथे आहे. मूळ किंमत '१००,<५०,एस१०,एच अशी असते: १०० फाइलींच्या खुणा, रजिस्टरमागे ५० ओळी, १० किलोबाइट. < नसेल तर सगळ्या ओळी जपल्या जातात. एकदा अख्खा लॉग 'जीजी-वाय-कॅपिटल जी'ने उचललात, की तो दरवेळी फाइलीत उतरतो. डिलीट केलेले मोठे तुकडे तर १ ते ९ रजिस्टरांत सरकत राहतात. डॉट-विमइन्फोचा आकार बघा, काही एमबीत असेल. (कॉपी केलेला पासवर्डही त्यात उघडाच पडलेला असतो, हे जाता जाता.)

ॲडमिनच्या मागे लागायची गरज नाही. तुमची विमआरसी सिस्टिमच्या विमआरसीनंतर वाचली जाते, म्हणून मूळ किंमत तिच्यात स्पष्ट लिहा. मग सगळे विम बंद करून डॉट-विमइन्फोचं नाव बदला; जुना इतिहास आणि खुणा जातील, एवढंच. निओविममध्ये (विमवरूनच बनलेला एडिटर) हेच काम शाडा करतो, सेटिंगची रचनाही तशीच.

'हायफन आय नन'नेही फरक पडला नाही, तर कोलन देऊन 'नोऑटोसीएमडी क्यूऑल'ने बाहेर पडून बघा; त्यात ऑटोसीएमडी, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कमांड, वगळल्या जातात. तेव्हा चटकन सुटला, तर 'व्हर्बोज ऑटोसीएमडी विमलीव्हप्री' आणि तसंच 'विमलीव्ह' मारा. बंद होताना काम काढणारं प्लगिन (बहुधा सेशन, म्हणजे उघड्या फाइलींची मांडणी, जपणारं) कुठल्या फाइलीतून आलंय ते तिथे दिसेल.